एकोणीस मास्तर

१६ जानेवारी १९८६

ती. वन्सं,

नमस्कार. तुमचा आशीर्वाद आहेच असं धरून सरळ मुद्द्यावर येते. इथे आमच्या डोक्यावर टांगती तलवार आहे आणि तुमचे भाऊ तिच्याखाली बसून शांतपणे पेन्सिलींना टोकं काढताहेत.

वरच्या कचेरीतून हुकूम आलाय. या मार्गावरच्या सगळ्या लहान स्टेशनांवर महिनाभर प्रवासी मोजायचे. दिवसाला सरासरी पंचवीस माणसं चढली तर स्टेशन राहील, नाहीतर बंद. मग गाड्या इथून जातील, पण थांबणार नाहीत. आणि मोजायचं कुणी, तर ज्या त्या स्टेशनमास्तरानं. आमच्याकडे सकाळची एक आणि संध्याकाळची एक अशा दोनच गाड्या. दोन्ही मिळून वीस माणसं चढली तरी पोर्टर म्हणतो, आज काय गर्दी होती!

गावाला तोडगा काढायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. काल बेकरीवाले ताजे पाव घेऊन घरी आले. म्हणाले, "मास्तर, स्टेशन तुमचं, रजिस्टर तुमचं, पेन्सिल पण तुमचीच. आम्ही काय सांगणार?" हे म्हणाले, "पेन्सिल सरकारची आहे." आणि पाव परत केले. वन्सं, गरम होते हो ते!

सुतारआळीतले म्हातारे सुतारकाकाही येऊन गेले. त्या आळीच्या खुर्च्या आणि स्टुलं आपल्या गाडीच्या मालडब्यातून बाहेरगावी जातात. स्टेशन गेलं तर त्यांच्या पोटावरच पाय. ते काही बोलले नाहीत, नुसते हात जोडून उभे राहिले. बेकरीवाल्यांच्या बडबडीपेक्षा मला ते जास्त लागलं.

जगात हे कुणाचं ऐकत असतील तर ते तुमचं. दोन ओळी लिहा.

तुमची वहिनी


२७ जानेवारी १९८६

वहिनीबाई,

दोन ओळी नाही, दोन पानं लिहिली त्याला. उत्तरादाखल एक पोस्टकार्ड आलं. मजकूर पूर्ण देते: "ताईस नमस्कार. पत्र पोचले. आकडा असेल तो लिहीन. तब्येत सांभाळ." झालं! पालथ्या घड्यावर पाणी. लहानपणी गोट्या खेळताना हा आपण किती गोट्या हरलो ते स्वतःच मोजून समोरच्याला सांगायचा. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

पण मीही त्याचीच बहीण आहे. पस्तीस वर्षं दवाखान्यात काढली, मेट्रन म्हणून निवृत्त झाले, तरी रोज दोन तास वॉर्डात जाऊन नव्या नर्सना धारेवर धरते. हट्टी माणूस कसा हाताळायचा ते मला शिकवायला नको. नीट ऐक. त्याला खोटं लिहायचं नाही ना? नको लिहू दे. तू उद्यापासून रोज सकाळी तिकीट काढ, गाडीत बस, पुढच्या स्टेशनला उतर आणि बसनं परत ये. तिकीट खरं, गाडी खरी, आणि तू तर खरीच. आणखी सात-आठ जणांना तयार कर. मोज म्हणावं आता काय मोजायचं ते!

आणि त्याला सांगू नकोस की ही अक्कल माझी.

तुझी वन्सं


१७ फेब्रुवारी १९८६

ती. वन्सं,

सांगायची गरजच पडली नाही. पहिल्याच दिवशी तिकिटाच्या खिडकीतून माझ्याकडे बघून म्हणाले, "ताईचं पत्र आलं वाटतं." आणि सुटे पैसे मागितले.

मी अकरा दिवस प्रवास केला. पुढच्या स्टेशनच्या बाकावर बसून एका स्वेटरच्या दोन्ही बाह्या विणून झाल्या. बेकरीवाल्यांनी आपले तीन कामगार पाठवले, शाळेच्या मुख्याध्यापिका स्वतः आल्या, सायकलदुकानवाले आले, त्यांचे मेहुणे आले. बघता बघता रोज वीस-बावीस जण होत होतो. डब्यात नुसती मजा चालायची. मला वाटलं, जिंकलो.

बाराव्या दिवशी हे हात धुवायला गेले आणि रजिस्टर उघडं राहिलं. मी शेऱ्याचा रकाना वाचला. तुमच्यासाठी जसाच्या तसा उतरवते: "सदर प्रवासी स्टेशनमास्तरांची पत्नी. प्रवासाचे कारण: स्टेशन. धरलेली नाही." खाली: "बेकरीतील कामगार, तीन. पुढील स्टेशनात काम नाही. धरलेले नाहीत." त्याच्या खाली: "मुख्याध्यापिका. शाळा याच गावात आहे. धरलेल्या नाहीत." अकराही दिवस, सगळेच्या सगळे, नीट ओळीनं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी विचारलं, "तिकीट काढलं होतं की नाही?"

"काढलं होतंस."

"गाडीत बसले होते की नाही?"

"बसली होतीस."

"मग?"

"हुकमात नियमित प्रवासी असं लिहिलंय. हा महिना संपल्यावर रोज जाणार आहेस?"

मी रजिस्टर फाटकन मिटलं. मग हे म्हणाले, "रोग्यानं थर्मामीटर चहात बुडवलं, तर ताई त्याला ताप म्हणते का?"

आम्हाला धरलं असतं तर सरासरी सत्तावीस होत होती. यांनी एकोणीस लिहिली आणि कालच्या टपालानं पाठवून दिली. चार दिवस मी यांच्याशी बोललेले नाही. यांच्या लक्षात आलंय की नाही कोण जाणे.

तुमची वहिनी


१ मार्च १९८६

वहिनी,

तुझं पत्र वाचून मी पेलाच आपटला. फुटला. चांगल्यातला होता.

अगं, खोटं लिहू नकोस इथपर्यंत मी समजू शकते. पण तिकीट काढून गाडीत बसलेली जिवंत माणसं खोडायची? एका शब्दासाठी अख्खं गाव तोंडावर पाडायचं? ह्याला प्रामाणिकपणा म्हणत नाहीत, खोडच म्हणतात. आणि तो थर्मामीटरचा टोमणा मला होता, तो बरोबर पोचला असं सांग त्याला. माझ्या वॉर्डाची उदाहरणं माझ्यावरच!

स्टेशन बंद झालं तर दोघं सरळ इकडे या. माझ्याकडे एक खोली रिकामी आहे. त्या गावात आता तुम्हाला ठेवलंय काय?

तुझी वन्सं


१२ एप्रिल १९८६

ती. वन्सं,

स्टेशन बंद झालं. एकतीस मार्चला संध्याकाळची गाडी शेवटची थांबली. हे कोट घालून उभे होते, नेहमीसारखेच. गाडी गेल्यावर तिकीटखिडकीचं दार लावलं, किल्ली लखोट्यात घातली आणि घरी येऊन जेवले. मी म्हटलं, काहीतरी बोला. म्हणाले, "मीठ बरोबर आहे."

क्वार्टर सोडलं. सायकलदुकानाच्या माडीवर दोन खोल्या मिळाल्या, हवेशीर आहेत. यांची नोकरी अजून एक वर्ष आहे, ती पुढच्या जंक्शनवर. तिथे सायकलनं जातात, कारण गाडी आमच्याकडे थांबत नाही. हसू नका.

तुमच्याकडे यायचं म्हटलं तर म्हणाले, "आकडा मी लिहिलाय, आता त्याच्या शेजारी राहायला नको का?" सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

लोक भले आहेत. सुतारआळीतली माणसं भेटून गेली. शाळेचे गणवेश शिवायचं काम मात्र मी कमी केलंय. डोळे दुखतात हल्ली. बाकी सगळं छान.

तुमची वहिनी


८ नोव्हेंबर १९८७

वहिनी,

तुझी पत्रं पोस्टकार्डावर आली. म्हणजे नवऱ्याचा रोग तुला लागला.

डोळ्यांत घालायचे थेंब पाठवतेय, ही तिसरी बाटली. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन थेंब, टाळाटाळ नको. इतकी वर्षं शिलाई करून डोळे जातील नाहीतर काय! काम कमी केलंस ते ठीक, पण अगदीच बंद केलंस असं मागच्या कार्डावरून वाटलं. घरात बसून राहू नकोस. चार बायकांत मिसळत जा, गप्पा मार, मन रमतं.

बंधुराज निवृत्त झाले, आता करतात काय? मला तो लिहितो, "वेळ जातो." कुठे जातो, ते लिहीत नाही.

तुझी वन्सं


२१ जून १९९०

वहिनी,

हे पत्र रागानं लिहितेय, तेव्हा अक्षर लावून वाच.

परवा वॉर्डात एक चाळिशीचा सुतार आला. पटाशीनं हात कापून घेतला होता. पट्टी बांधताना मी विचारलं, कुठला? तर तुमच्याच गावचा, सुतारआळीतला. म्हणाला, स्टेशन गेलं आणि आळीचं काम बसलं. टेंपोचं भाडं परवडत नाही, खुर्ची घेऊन बसमध्ये कुणी घेत नाही. म्हणून पोटासाठी इकडे आलो. मग म्हणाला, "एकोणीस मास्तरानं केलं सगळं." मी कोण ते त्याला माहीत नव्हतं. मी विचारत गेले, तो सांगत गेला.

म्हणे चार वर्षं गाव त्याच्याशी बोलत नाही. एकोणीस मास्तर हे त्याचं नाव पडलंय. म्हणे त्याच्या बायकोला कुणी शिवायला कपडा देत नाही. आणि सुतारआळी भेटून गेली म्हणून तू लिहिलं होतंस ना? ती "आमच्या दारात पाऊल टाकू नका" हे सांगायला आली होती!

आणि मी मूर्ख बाई तुझ्या डोळ्यांना थेंब पाठवतेय. चार बायकांत मिसळ म्हणून शहाणपणा शिकवतेय.

पण खरं सांगायचं ते पुढेच आहे. जाता जाता तो सुतार म्हणाला, "एक मात्र आहे बाई. तो माणूस खोटं लिहिणाऱ्यातला नाही. आमचे काका पण हेच म्हणतात, आणि म्हणून तर जास्त चिडतात." वहिनी, मी रात्रभर तळमळले. मेट्रन असताना मी एका नर्सला घरी पाठवलं होतं. तिनं ताप न बघताच तक्त्यावर आकडा लिहिला होता. रोग्याला काही झालं नाही, आकडाही जवळपास बरोबर होता. तरी पाठवलं, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. तीच मी, माझ्या भावाला चहात थर्मामीटर बुडवायला सांगत होते. वर पेला फोडला.

त्याला हे वाचून दाखव. तुला मात्र मी माफ केलेलं नाही. मला का नाही कळवलंस?

तुझी वन्सं


९ जुलै १९९०

ती. वन्सं,

का नाही कळवलं? कारण तुम्ही पहिल्या बसनं आला असतात आणि बेकरीवाल्यांच्या दुकानात जाऊन उभ्या राहिला असतात. ते मला नको होतं. भांडायचं तर आमचं आम्ही भांडू, गाव आमचं आहे.

डोळे माझे ठणठणीत आहेत. थेंबांच्या सात बाटल्या कपाटात आहेत, तारीख उलटून गेली. सगळं खरं आहे. मुलं यांच्या मागून "एकोणीस, एकोणीस" ओरडायची. हे वळून म्हणायचे, "बरोबर." मग मुलांनाच कंटाळा आला. आमच्याशी धड बोलायचे ते एक खालचे सायकलदुकानवाले. त्यांचाही मेहुण्यासकट शेऱ्यात उद्धार झालेला, तरी.

तुमचं पत्र वाचून दाखवलं. ऐकून घेतलं, उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

आता बातमी ऐका. या मार्गावरच्या तीन बंद स्टेशनांपैकी एक पुन्हा उघडायचं घाटतंय. गावानं समिती केली, बेकरीवाले अध्यक्ष. मागच्या आठवड्यात कचेरीतले एक साहेब आले, त्यांच्या बगलेत आपलं जुनं रजिस्टर. शाळेत सभा झाली. समितीनं आकडा पुढे केला, रोज चारशे प्रवासी. साहेबांनी तो कागद बाजूला ठेवला, रजिस्टर उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, "सदर प्रवासी स्टेशनमास्तरांची पत्नी. प्रवासाचे कारण: स्टेशन. धरलेली नाही." सगळं गाव हसलं. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "हा माणूस गावात आहे का अजून? मग मोजणी त्यांनी करावी आणि सही त्यांची हवी. दुसऱ्या कुणाचा आकडा मी नेणार नाही."

वन्सं, मी मागच्या बाकावर होते. माझे कान इतके तापले की पदर घ्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाले आमचा जिना चढून आले. वजनदार माणूस, आमचा जिना उभा. दारात पोचले तेव्हा बोलता येत नव्हतं. हे म्हणाले, "बसा, आधी दम घ्या." चार वर्षांनी पहिलं वाक्य ते. मग ते म्हणाले, "मास्तर, मोजाल?" हे म्हणाले, "मोजेन. पण असेल तेवढेच." बेकरीवाले म्हणाले, "ते आता आम्हाला पाठ झालंय."

बाकीच्या दोन गावांनी तीनशे आणि अडीचशे लिहून दिल्याची कुणकुण आहे. आपले तेवढे कुठून येणार?

तुमची वहिनी


२ ऑगस्ट १९९०

वहिनी,

त्याला निरोप दे. एक माणूस जरी जास्त लिहिलास तर त्या स्टेशनवर तुझी ताई पाऊल ठेवणार नाही, म्हणावं. स्टेशन उघडो न उघडो.

वॉर्डात सगळ्या नर्सना ही गोष्ट सांगून झाली. एकीनं विचारलं, मग स्टेशन मिळेल का हो? मी म्हटलं, ते मला माहीत नाही, पण आकडा खरा मिळेल. आणि छाती अशी फुगली म्हणून सांगू! या वयात.

तू सांभाळ. पुन्हा गावाचा राग झाला तर या खेपेला मला कळव. थेंब पाठवणार नाही, मीच येईन.

तुझी वन्सं


२८ ऑक्टोबर १९९०

ती. वन्सं,

मोजणी झाली. आकडा एकशे बारा.

कसे मोजले ते सांगते. दारोदार जाऊन विचारलं, गाडी थांबली तर कोण, कशासाठी, आठवड्यातून किती वेळा जाणार. मग महिनाभर रोज बसथांब्यावर खुर्ची टाकून बसले. घरी जे रोज जातो म्हणाले ते बसथांब्यावर दिसायला हवेत. नाही दिसले की शेरा. एका घरानं नऊ जण सांगितले होते, त्यात एक आजी निघाल्या ज्या तीन वर्षांत अंथरुणावरून उठलेल्या नाहीत. मुख्याध्यापिकाबाईंनी यांना बघूनच स्वतःचं नाव काढून टाकलं.

भांडण झालं ते सुतारआळीवरून. वहीत बघते तर, "सुतारआळी: विचारले नाही. शून्य."

मी म्हटलं, "अहो, अकरा घरं आहेत! वीस माणसं तरी धरा."

"न विचारता माणूस धरायचा नाही."

"मग विचारून या."

"दारात येऊ नका म्हणालेत."

"चार वर्षं झाली त्याला!"

"मागे घेतलेलं नाही."

कपाळावर हात मारला. सत्तावीसाचे एकोणीस करताना जो माणूस हलला नाही, तो इथे काय हलणार? पण वन्सं, मला एक दिसलं. हे रोज संध्याकाळी सुतारआळीच्या तोंडापर्यंत जायचे, थोडा वेळ उभे राहायचे आणि परत यायचे. नियम वगैरे ठीक आहे. यांना भीती वाटते त्या दाराची. हे मी तुम्हालाच सांगतेय.

सही करून पाकीट काल पोस्टात पडलं. गावात सन्नाटा आहे. तीनशेपुढे एकशे बारा! बेकरीवाले म्हणाले, "जाऊ द्या. निदान सही तरी चांगली आहे." पण या खेपेला कुणी दार लावून घेतलं नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी गणवेशाचे चाळीस कपडे पाठवले. रात्रंदिवस मशीन चालवतेय.

तुमची वहिनी


२३ जानेवारी १९९१

ती. वन्सं,

मिळालं! मिळालं! मिळालं!

साहेब स्वतः आले सांगायला. शाळेत पुन्हा सभा. कुणीतरी धीर करून विचारलं, "साहेब, त्या दोन गावांचे आकडे तर मोठे होते." साहेब म्हणाले, "असे आकडे आले की आम्ही त्यातून पाऊण भाग वजा करतो. अनुभव तसा आहे. तीनशेचे उरले पाऊणशे, अडीचशेचे साठ-बासष्ट. तुमच्या मास्तरांच्या वहीतून वजा करायचं म्हणून आमचा माणूस तीन दिवस इथे फिरला. त्याला वजा करण्यासारखं एकही माणूस सापडलं नाही."

आधी कुणाला कळलंच नाही. मग बेकरीवाले उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले, आणि मग सगळे. हे खाली मान घालून बसले होते, शाळेत उभं केलेल्या मुलासारखे. घरी येताना चौकात कुणीतरी ओरडलं, "एकोणीस मास्तर!" तेच नाव, वन्सं, पण लोक असे म्हणत होते जसं काही पदक आहे.

लग्नाला तीस वर्षं झाली. मी यांना हट्टी म्हटलं, दगड म्हटलं, तुमच्यापाशी आणखी काय काय म्हटलं. आज लिहिते, मला माझ्या नवऱ्याचा अभिमान आहे. त्यांना सांगितलं तर म्हणतील मीठ बरोबर आहे, म्हणून तुम्हाला लिहितेय.

एक मार्चला पहिली गाडी थांबेल. हवं तेव्हा या, पण बसनं येऊ नका!

तुमची वहिनी


३० मे १९९१

वहिनी,

सुखरूप पोचले. पंधरा दिवस तुमच्या माडीवर राहून माझं वजन वाढलंय.

स्टेशनवर उतरले तेव्हाचं सांगायचं राहिलं. त्या नव्या स्टेशनमास्तरीणबाई, केवढी चुणचुणीत पोरगी! तिनं विचारलं, कुणाकडे? मी म्हटलं, एकोणीस मास्तरांकडे, मी त्यांची ताई. तर तिनं खुर्चीवरून उठून नमस्कार केला. तिथून घरापर्यंत माझी पिशवी तीन जणांनी आलटून पालटून उचलली. मी रिकाम्या हातानं राणीसारखी चालले. आयुष्यभर रोग्यांच्या उशाशी उभी राहिले, पण असा मान मला कुणी दिला नव्हता. तो त्याच्यामुळे मिळाला, हे त्याला सांग. माझ्या तोंडून निघत नाही.

आणि एक गंमत. परत निघताना फलाटावर मालडब्याजवळ स्टुलं आणि खुर्च्या रचलेल्या, आणि ही माणसांची गर्दी! सगळे सुतारआळीतले म्हणे. बंधुराजांना विचार, तुझ्या एकशे बारात हे स्टूलवाले होते का रे?

तुझी वन्सं


१४ जून १९९१

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. हिला आलेल्या पत्रातला तुझा प्रश्न वाचला. उत्तर: नव्हते.

स्टेशनवर जाऊन तीन महिन्यांची सरासरी पाहिली. एकशे पस्तीस. माझा आकडा एकशे बारा. फरक तेवीस. मास्तरीणबाई खूश होत्या. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. चूक जास्तीची असो की कमीची, चूक ती चूक.

सोमवारी दोन्ही गाड्यांना फलाटावर उभा राहिलो. तेवीसही सुतारआळीतले. एका जणाच्या हातावर पटाशीचा जुना वण आहे. म्हणाला, शहरात एका म्हाताऱ्या मेट्रनबाईंनी पट्टी बांधली होती, फार ओरडल्या. परत आलाय, गावातच काम करतो. तुला कळावं म्हणून लिहिलं.

कचेरीला चूकदुरुस्तीचा अर्ज करायचं ठरवलं. पण न विचारता आकडा लिहिता येत नाही, म्हणून मंगळवारी दुपारी तीन वाजता सुतारआळीत गेलो. आळीच्या तोंडाशी दोनदा मागे फिरलो, हे कबूल करतो. दारात येऊ नका असं सांगितलेलं होतं, म्हणून सुतारकाकांच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिलो आणि वही उघडली. ते रंधा मारत होते. मी म्हणालो, "मागच्या मोजणीत तुमच्या आळीपुढे शून्य लिहिलं. विचारायला आलो नाही. माझी चूक झाली. तुमच्या घरातून गाडीनं किती जण जातात?"

त्यांनी रंध्यात अडकलेली ढलपी काढून टाकली. मग वर न बघता म्हणाले, "बाहेरून काय मोजता मास्तर? आत येऊन मोजा."

आत गेलो. चार जण आहेत. लिहून घेतलं.

आळीत अकरा घरं. तासाभरात काम व्हायला हवं होतं. दिवे लागल्यावर परतलो, कारण प्रत्येक घरात बसवून घेत होते. खुर्च्या फार चांगल्या करतात.

अर्ज आज टपालात टाकला.

तुझा भाऊ